मशीनला कान बसवणाऱ्या मगदूम मॅडम

मगदूम मॅडम टायपिंग शिकवताना वर्गाकडे पाठ करून उभ्या राहायच्या. सांगलीत गणपती पेठेच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर त्यांची इन्स्टिट्यूट होती. एका खोलीत चौदा टाइपरायटर, भिंतीवर एक घड्याळ आणि खिडकीपाशी मॅडम. चौदा मशीनं एकदम सुरू झाली की खालून जाणाऱ्याला पत्र्यावर गारा पडतायत असं वाटायचं. त्या गोंगाटात मॅडम बाहेर बघत उभ्या असायच्या आणि मान न वळवता म्हणायच्या, "सहावं मशीन, करंगळी आळशी झालीय. तिला कामाला लावा."

सहाव्या मशीनवर मी होतो. मला वाटलं, खिडकीच्या काचेत माझं प्रतिबिंब दिसत असणार. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम कोपऱ्यातलं मशीन धरलं. दहा मिनिटांनी खिडकीतून आवाज आला, "आळशी करंगळी आज अकराव्या मशीनवर बसलीय वाटतं." सगळा वर्ग हसला. मॅडम तेव्हाही वळल्या नाहीत.

परीक्षेत मी दोनदा नापास झालो. दुसऱ्या वेळी तोंड लपवून पुन्हा परीक्षेला बसायची चौकशी करायला गेलो तेव्हा त्यांनी मला समोर बसवलं. "तुझी बोटं बरी आहेत, अविनाश. तुझी खोड वेगळी आहे. एक अक्षर चुकलं की तू त्याच्याकडं बघत बसतोस, आणि तेवढ्यात आणखी दोन चुकवतोस. गेलेलं अक्षर गेलं. पुढचं मार." तिसऱ्या वेळी मी पास झालो. नोकरी मात्र टायपिंगची लागली नाही. मी कॉम्प्युटर दुरुस्तीत शिरलो आणि पुढे स्वतःचं दुकान टाकलं.

मॅडमचं माहेर जत तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. लग्न होऊन सांगलीत आल्या आणि चौथ्या वर्षी पती गेले. सासरे म्हणाले, घरात बसून राहा, दोन वेळचं कमी पडणार नाही. मॅडमनी ते ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी टायपिंग शिकायला नाव घातलं. वर्गात त्या अगदी पुस्तकी मराठी बोलायच्या. आनंद झाला किंवा राग आला की मात्र माहेर बाहेर पडायचं. एखादं अवघड काम हातावेगळं झालं की तळहात झटकून "आयतु!" म्हणायच्या. कानडीत झालं म्हणजे आयतु. त्या जैन, आणि सूर्य मावळायच्या आत जेवायचं हा नियम त्यांनी कधी मोडला नाही, त्यामुळे इन्स्टिट्यूट सव्वापाचला बंद व्हायची. परीक्षा उद्या असली तरी.

पुढे टाइपरायटर भंगारात गेले आणि कॉम्प्युटर आले. मॅडम तेही शिकल्या. पासष्टी उलटल्यावर त्यांनी जागा सोडली, कॉम्प्युटर विकले आणि त्यातला सगळ्यात जुना एक विश्रामबागच्या घरी नेऊन ठेवला. "याला गिऱ्हाईक मिळालं नाही," एवढंच त्या म्हणाल्या. त्याची दुरुस्ती माझ्याकडे असल्यामुळे आमचं येणंजाणं राहिलं.

साधारण दोन वर्षांपूर्वी मी त्यांच्याकडे कीबोर्ड बदलायला गेलो होतो. दारात एक उंच, मिशाळ गृहस्थ उभे राहिले. शेजारी त्यांचा दंड धरून तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी. गृहस्थ पाटणच्या पलीकडच्या एका गावचे, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. मुलीचं नाव वैशाली. चौदाव्या वर्षी काचबिंदूनं तिची दृष्टी गेली होती. तिनं हट्टानं बीए केलं होतं, आता मावशीकडं सांगलीत राहत होती.

"बाई, चार ठिकानी जाऊन आलो," सुभेदार उभ्यानंच म्हणाले. "समदे म्हनत्यात, दिसत न्हाई तर टायपिंग कसं जमंल? मलाबी तसंच वाटतंय. पर ही ऐकत न्हाई. क्लार्कची परीक्षा द्यायचीय म्हनती. तुमीच काय ते सांगा हिला."

मॅडमनी मुलीकडे बघितलं. "टाइप करताना कीबोर्डकडं बघितलेलं मला चालत नाही," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं पोरांच्या बोटांवर रुमाल टाकून शिकवलं मी. या पोरीला रुमाल लागणार नाही, एवढाच फरक. बसा, सुभेदार साहेब. उभ्यानं काय बोलताय?"

वैशाली हसली. तिचं ते हसू मला अजून आठवतं. कुणीतरी आपल्याला इतरांसारखंच खडसावणार आहे, याचा तो आनंद होता.

मी त्या जुन्या कॉम्प्युटरवर पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून दिलं. वैशाली रोज अकराला यायची. त्या परीक्षेत दृष्टिहीन उमेदवाराला उतारा वाचून दाखवायची सोय होती, म्हणून मॅडम रोज तिला उतारा वाचून दाखवायच्या आणि ती ऐकत टाइप करायची. आधी शब्द, मग वाक्यं, मग अर्धं पान. सहा महिन्यांत तिचा वेग असा वाढला की मॅडमना वाचताना पाणी प्यायला थांबता येईना.

आणि मग मॅडमचा आवाज बसायला लागला. आधी त्या हळद-दूध घेत राहिल्या. मग गळ्यावर गाठ हाताला लागली. मिरजेच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि ऑपरेशन लवकर करायला सांगितलं. गाठ आवाजाच्या शिरेला चिकटली होती. ऑपरेशननंतर आवाज पूर्वीसारखा राहील याची खात्री देता येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. तारीख मिळाली तीन आठवड्यांनंतरची. वैशालीची परीक्षा त्याच्या पुढे दोन महिन्यांनी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम माझ्या दुकानात आल्या. मी खुर्ची पुढे केली, त्या बसल्या नाहीत.

"अविनाश, आपल्या मशीनला तोंड आहे, कान नाहीत. त्याला कान बसव."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी गळ्यावर बोट ठेवून सगळं सांगितलं. रडणं नाही, उसासा नाही. रेशनच्या रांगेत किती माणसं पुढे आहेत ते सांगावं तसं सांगितलं. "माझ्याकडं वीस दिवस आवाज आहे. त्यात दोन महिन्यांचे उतारे भरून ठेवायचेत."

"मॅडम, एवढं कशाला? माझ्या मोबाइलवर बोला, मी कॉम्प्युटरमध्ये टाकून देतो."

"रोज उठून तुझ्या दारात मोबाइल मागायला येऊ? आणि तुझ्या मोबाइलवर मी बोलून बघितलंय मागं. शब्दाचं शेवटचं अक्षर तो खातो. 'आहेत'चं 'आहे' करतो. पोरीनं चुकीचं ऐकलं तर चुकीचंच मारणार ना? मला माझ्या टेबलावर, माझ्या कीबोर्डवर, माझ्या हातानं भरायचंय."

दुकान बंद करून मी त्यांच्याबरोबर गेलो.

तो कॉम्प्युटर पंधरा वर्षांचा. मागच्या बाजूला हिरव्या भोकात स्पीकरची पिन होती, ती चालू होती. शेजारच्या गुलाबी भोकात मी माइकची पिन घातली. पडद्यावरची आवाजाची पट्टी मेल्यासारखी आडवी पडून राहिली. मी टिचक्या मारल्या, फुंकरा घातल्या, सेटिंग उलटीपालटी केली. मॅडम शेजारी बसून "हॅलो" म्हणत राहिल्या. काही नाही. डबा उघडला तर आत बोटभर धूळ. पुढच्या बाजूच्या भोकाची वायर कधी जोडलेलीच नव्हती. ती जोडली, तर ते भोक आतून मोडलेलं निघालं. त्या दिवशी सव्वापाच वाजले तसं मॅडमनी मला उठवलं.

दुसऱ्या दिवशी मी भंगारातल्या एका कॉम्प्युटरमधून साउंड कार्ड काढून आणलं आणि आतल्या खाचेत बसवलं. मशीन सुरूच होईना. झालं तेव्हा पडदा निळा पडला. तिसरा दिवस ते कार्ड आणि हे मशीन यांची ओळख करून देण्यात गेला. संध्याकाळी मी हात टेकले.

"मॅडम, होत नाही. नवीन कॉम्प्युटर बघू या का?"

"नव्यावर पोरीचा हात बसायला महिना जाईल. विसातले तीन गेले, अविनाश. गेलेल्याकडं बघत बसू नको. उद्या काय करणार ते सांग."

चौथ्या दिवशी मी अंगठ्याएवढं एक यूएसबी साउंड कार्ड आणलं. ते बाहेरूनच लागतं, एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला माइकचं भोक. आधी हेच का सुचलं नाही, म्हणून स्वतःला शिव्या घातल्या. कार्ड लावलं, माइक लावला. मॅडम म्हणाल्या, "हॅलो." पडद्यावरची हिरवी पट्टी टुणकन उडी मारून वर गेली आणि खाली आली. मी खुर्चीतून ओरडलोच.

मॅडम शांत. "परत लाव ते. माझं हॅलो ऐकव."

ऐकवलं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. "मागं घूं करून काय वाजतंय?"

मला काही ऐकू येत नव्हतं. वैशाली बाजूला बसली होती. ती म्हणाली, "व्हय मॅडम, भुंगा हाय आत."

हेडफोन लावला तेव्हा मलाही भुंगा सापडला. बारीक, सलग, प्रत्येक शब्दाच्या मागे उभा. मी म्हणालो, एवढं चालतं. दोघीही एकदम म्हणाल्या, "चालत नाही."

वैशालीला दिवसातून पाच-सहा तास हेडफोन लावून बसायचं होतं. तो भुंगा तिचे कान थकवणार होता, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला. मी वायरी हलवल्या, माइक बदलला, यूएसबीची जागा बदलली. भुंगा तसाच. मी वाकून डब्याच्या मागे हात घातला तेव्हा मॅडम म्हणाल्या, "थांब. हलू नको. तू डब्याला हात लावलास की तो गप्प बसतोय. हात काढ. बघ, आला. लाव. गेला."

खरंच होतं ते. मला आता कळलं. डब्याच्या पत्र्याला अर्थिंग मिळत नव्हतं आणि माझ्या अंगातून त्याला वाट मिळत होती. सॉकेट उघडलं तर तिसऱ्या भोकामागची अर्थिंगची वायर तुटून लोंबत होती. ती जोडली. भुंगा कमी झाला, गेला नाही. परसात तुळशीमागे अर्थिंगचा खड्डा होता, तो बघितला. वर्षानुवर्षं त्याला कुणी पाणी दाखवलं नव्हतं. माती दगडासारखी. मी कुदळीनं ती सैल केली, कोळसा आणि जाडं मीठ घातलं. मॅडमनी पदर खोचला आणि स्वतः बादल्या ओतायला लागल्या. मी धरायला गेलो तर म्हणाल्या, "गळ्याचं ऑपरेशन आहे, हाताचं न्हाई!"

पाणी मुरल्यावर आत येऊन पुन्हा रेकॉर्ड केलं. वैशालीनं हेडफोन लावला. तिनं तो दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला. मी आणि मॅडम तिच्या तोंडाकडे बघत होतो. मग ती म्हणाली, "मॅडम, तुमी शेजारी बसल्यासारखं वाटतंय. तुमचा श्वास ऐकू येतोय."

"आयतु!" मॅडमनी तळहात झटकले.

पंख्याचा बारीक आवाज राहिला होता. मी पंखा साफ करून तेलाचा थेंब सोडला आणि लांब वायरीनं माइक डब्यापासून दूर नेला. पाचव्या दिवशी सकाळी मॅडम भरायला बसल्या.

सोळा दिवस त्या रोज भरत होत्या. जुनी वर्तमानपत्रं, सरकारी परिपत्रकं, पाटबंधाऱ्याच्या नोटिसा, शाळेच्या पुस्तकातले धडे. आधी संथ, मग मध्यम, मग परीक्षेच्या वेगानं, मग त्याहून जास्त. समोर घड्याळ आणि हातात पेन्सिल. शब्द मोजून त्या असं वाचायच्या की मिनिटाच्या काट्याला धक्का लागू नये. गरम पाण्याचा घोट घ्यायचा, पुढचा उतारा. एकदा वीज गेली आणि पाऊण तासाचं काम जतन व्हायच्या आत पुसलं गेलं. मी हळहळलो. मॅडम वीज येईपर्यंत डोळे मिटून बसल्या, आली तसं पहिलं पान पुन्हा उघडलं आणि वाचायला लागल्या.

एक दिवस त्यांनी मला दुकानातून बोलावून घेतलं. "बस. उतारा वाच."

"मी? मॅडम, माझं वाचन कसलं भिकार आहे तुम्हाला माहिती आहे."

"म्हणून तर बोलावलं. परीक्षेत वाचणारा माझ्यासारखा असेल असं कुणी सांगितलंय? त्याला घाई असणार. त्याला पडसं झालेलं असणार. स्वल्पविरामाला थांबायचं त्याला ठाऊक नसणार. तुझ्याइतकं वाईट वाचणारा मला या गल्लीत मिळाला नाही."

मी वाचलं. शब्द गिळले, मध्येच खोकलो, एक ओळ चुकून दोनदा वाचली. मॅडम खूश. शनिवारी सुभेदार गावाकडून मुलीला भेटायला आले तर त्यांनाही माइकसमोर बसवलं. ते ताठ बसले आणि परेडवर हुकूम द्यावा तसा जमीन महसुलाचा उतारा वाचला. 'नाही'चं 'न्हाई' आणि 'आहे'चं 'हाय' होत होतं. "आवं बाई, माझं ऐकून पोरगी चुकंल की!" ते म्हणाले.

"चुकणार नाही. तुम्ही न्हाई म्हणा, ती नाही मारेल. तेच शिकवायचंय."

शेवटच्या दोन दिवसांत आवाज फाटायला लागला होता. तरी त्यांनी ठरवलेला शेवटचा उतारा पुरा केला, फायलींना नंबर दिले, कोणती कोणत्या आठवड्यात ऐकायची ते वैशालीकडून दोनदा वदवून घेतलं. मग माइक गुंडाळून खणात ठेवला आणि पाच वाजता जेवायला बसल्या.

ऑपरेशन नीट झालं. गाठ साधी निघाली. जीव वाचला, आवाज गेला. राहिली ती फक्त कुजबुज, शेजारच्याला जेमतेम ऐकू जाईल इतकी. मी मिरजेला भेटायला गेलो तेव्हा त्यांनी मला जवळ वाकायला लावलं. मला वाटलं काहीतरी हळवं सांगतील. त्या कुजबुजल्या, "पोरगी सातव्या नंबरच्या फायलीवर आहे का?"

ती नवव्या नंबरवर होती.

पुढचे दोन महिने मॅडमच्या घरात मॅडमचा मोठा, खणखणीत आवाज उतारे वाचत होता आणि मॅडम स्वतः शेजारी गप्प बसून भाजी निवडत होत्या. कुठं वैशाली अडखळली तर त्या टेबलावर एक टिचकी मारायच्या. तेवढं पुरायचं.

परीक्षा पुण्याला झाली. सुभेदार बरोबर गेले होते. संध्याकाळी वैशालीचा फोन आला, तो मी स्पीकरवर ठेवून मॅडमसमोर धरला. "मॅडम, वाचायला आलेले सर लय घाबरलेले होते. पहिल्यांदाच वाचत होते वाटतं. शब्द गिळत होते, एक ओळ दोनदा वाचली, मध्ये खोकला आला त्यांना. बाजूचे दोघं तक्रार करायला उठले." ती हसायला लागली. "मला सारखं अविनाशदादा समोर बसल्यासारखं वाटत होतं. वेळ संपायच्या आत माझा उतारा झाला."

मॅडम हसल्या. आवाज आला नाही, पण खांदे हलत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. माझ्या वाचनाचा एवढा सन्मान आयुष्यात कुणी केला नव्हता.

निकाल लागला तेव्हा सुभेदार मुलीला घेऊन पेढे न आणता पपनस आणि नारळ घेऊन आले. मॅडम काहीतरी कुजबुजायला लागल्या तसं त्यांनी हात वर केला.

"बाई, तुमी बोलू नका. आज मी बोलतो. मी हिला तुमच्या दारात आनली ती तुमी 'न्हाई' म्हनावं म्हनून. चार जनांनी न्हाई म्हटलंवतं, पाचव्यानं म्हटलं की पोरगी गप घरी येईल, असं माझ्या मनात हुतं. लय भ्यालो हुतो मी. सरहद्दीवर न्हाई भ्यालो तेवढा. चुकलं माझं."

मॅडमनी मान हलवली, कागद ओढला आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्यासमोर धरलं: "नारळ फोडा आता."

वैशालीची नेमणूक साताऱ्याला झाली. रुजू व्हायच्या आदल्या दिवशी ती सांगलीहून निघाली. बापाला बरोबर येऊ देईना. "एकटी जाते. साताऱ्यात उतरून घ्यायला मैत्रीण येणार हाय. तुमी हितनंच परत जा." सुभेदार माझ्याकडे बघत राहिले, मी मॅडमकडे. मॅडमनी एकच बोट वर केलं. एकटी.

सांगली स्टँडवर गाडी लागली. वैशाली पुढच्या बाकावर खिडकीशी बसली, काठी दुमडून मांडीवर. कंडक्टरनं दार ओढायला घेतलं तशा मॅडम अचानक पुढे झाल्या आणि पायरी चढून आत गेल्या. बाहेरच्या गर्दीत त्यांची कुजबुज कुणाला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. त्या वाकल्या, वैशालीच्या कानाशी तोंड नेलं, काहीतरी म्हणाल्या आणि खाली उतरल्या. वैशाली इतकी मोठ्यानं हसली की मागच्या बाकावरची माणसं बघायला लागली.

गाडी फाटकातून बाहेर पडली. सुभेदार रुमालानं मिशी पुसत होते. मी मॅडमना विचारलं, "काय सांगितलंत तिला?"

त्यांनी मला खाली वाकवलं.

"साहेबाचं मराठी चुकलं तर दुरुस्त करून टाइप कर म्हटलं. विचारत बसू नको."